कॅरिअरची लाज

शहरातल्या एखाद्या चकाचक सायकल-दुकानात जा आणि "हिला कॅरिअर बसेल का?" एवढंच विचारून पाहा. दुकानातला पोरगा आधी सायकलकडे बघतो, मग तुमच्याकडे. "सर, ही स्पोर्ट्स सायकल आहे," हे उत्तर मी पुण्यात निदान चार ठिकाणी ऐकलं आहे. पंचवीस-तीस हजारांच्या सायकलीला गिअर असतात, डिस्क ब्रेक असतात, पण जेवणाचा डबा ठेवायला बोटभर जागा नसते. मग डबा, लॅपटॉप, चार्जर, रेनकोट, सगळं पाठीवरच्या सॅकमध्ये कोंबलं जातं. माणूस ऑफिसात पोचतो तेव्हा शर्टावर सॅकच्या आकाराचा घाम उमटलेला असतो. दोन-तीन महिन्यांत खांदे धरतात, सायकल बाल्कनीत जाते आणि स्कूटर पुन्हा बाहेर येते. सायकल का सोडली म्हणून विचारलं की लोक रहदारीचं नाव सांगतात. माझ्या ओळखीत सायकल सोडलेल्यांपैकी बऱ्याच जणांच्या बाबतीत खरं कारण पाठीवरचं ओझं होतं.

माझं म्हणणं साधं आहे. रोजच्या कामासाठी किंवा लांबच्या सफरीसाठी सायकल घेणार असाल तर सामान कशावर लादायचं हा प्रश्न आधी सोडवा. गिअर किती आणि रंग कोणता, ते नंतर.

हा प्रश्न नुसता नटबोल्टचा नाही. माझा भाचा इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. कॉलेजला सायकलने जातो, पाठीवर सात-आठ किलोची सॅक. मी त्याला कॅरिअर बसवून देतो म्हटलं तर म्हणाला, "मामू, पाववाल्याची दिसंल ती!" त्याच्या पोटातलं ओठावर आलं एवढंच; हेच बऱ्याच जणांच्या मनात असतं, बोलत कोणी नाही. पण आपल्या मोहल्ल्यांतली किती घरं सायकलच्या कॅरिअरवर चालली, ते जरा मोजून बघा. पहाटे पाव टाकणारा, केळ्यांची पाटी बांधून निघणारा बागवान, बांगड्यांची पेटी घेऊन गावोगाव फिरणारा मणियार, भंगार गोळा करणारा. आणि ही गोष्ट फक्त आपल्या मोहल्ल्यांची नाही. गवळी, पोस्टमन, मुंबईचे डबेवाले, सगळ्यांची रोजीरोटी सायकलला लटकलेली. सायकलवर सामान वाहण्याचं शास्त्र या लोकांना जेवढं कळतं तेवढं दुकानातल्या पोराला कळत नाही. तरी त्यांच्यासारखं दिसायला नको म्हणून आपण पाठ मोडून घेतो.

दूधवाल्याची सायकल एकदा नीट बघा. कॅन कॅरिअरच्या वर ठेवलेले नसतात, दोन्ही बाजूंना खाली, चाकाच्या अंगाला लटकलेले असतात. जड वस्तू जितकी खाली आणि चाकाजवळ, तितकी सायकल कमी डुलते. दोन्हीकडे वजन सारखं, म्हणून हँडल एका बाजूला ओढत नाही. कॅन लोखंडी आकड्यात अडकवलेले, म्हणजे दारात उतरवायला आणि परत टांगायला क्षणही लागत नाही. परदेशी सफरीच्या सायकलींवर ज्या जोडपिशव्या दिसतात त्यांत याहून वेगळं तत्त्व काही नाही. त्यांना पॅनिअर म्हणतात. हा शब्द फ्रेंचमधून आला, मूळ अर्थ पावाची टोपली. लॅटिनमध्ये पावाला जो शब्द आहे त्यातून तो निघाला, आणि त्याच लॅटिन शब्दापासून पोर्तुगीजांच्या तोंडून आपला 'पाव' आला. तेव्हा पाववाल्याची दिसेल ही भाच्याची भीती भाषेच्या हिशेबानेही खरीच ठरते. आपल्याकडेही घोड्याबैलाच्या पाठीवर टाकायची दुहेरी खुर्जी होतीच की.

आता खरेदीचं. फ्रेमवर, मागच्या चाकाच्या आसाजवळ आणि सीटच्या खाली, आट्यांची छोटी भोकं आहेत का ते आधी तपासा. बहुधा त्यांत 5 मिलिमीटरचा बोल्ट बसतो. ही चार भोकं असली की अर्धी लढाई जिंकली. नसली तर रबरी अस्तराच्या पट्ट्या नळीभोवती आवळून काम भागतं, पण भार बेताचाच ठेवावा लागतो. फक्त सीटच्या दांड्याला आवळायची कॅरिअर मिळतात, ती मला पसंत नाहीत. खड्ड्यात सरकून बाजूला फिरतात आणि त्यांना बाजूचे पाय नसल्याने लटकवलेली पिशवी चाकाच्या तारांत जायचा धोका असतो. डिस्क ब्रेक असेल तर कॅरिअरचा पाय ब्रेकला अडतो का, तेही दुकानातच बसवून बघा. ॲल्युमिनिअमच्या पुष्कळ कॅरिअरवर 25 किलोची मर्यादा लिहिलेली असते आणि शहरात तेवढी भरपूर झाली. तरी माझा कल लोखंडाकडे. थोडं जड असतं, पण मोडलं तर कुठल्याही तालुक्याच्या गावी ग्रिल बनवणारा वेल्डर दहा मिनिटांत जोडून देतो. ॲल्युमिनिअमला तो हात लावत नाही.

पिशवी निवडताना एकच परीक्षा घ्या: ती टांगून सीटवर बसा आणि पायडल उलटं फिरवा. टाच पिशवीला लागली तर ती पिशवी तुमच्या सायकलची नाही, कितीही आवडलेली असो. पुढचा कोपरा तिरका कापलेली किंवा आकडे मागेपुढे सरकवता येणारी पिशवी घेतली की हा त्रास बहुतेक वेळा टळतो. रोजच्या कामाला एका बाजूची एकच पिशवी पुरते; पाच-सहा किलोंपर्यंत तोल बिघडत नाही. मी कोंढव्याहून शिवाजीनगरपर्यंत जातो, तेवढ्यात तरी मला कधी जाणवलेलं नाही. लॅपटॉप उभा ठेवायचा, खाली आणि बाजूला जाड फोम. डबा मात्र वेगळ्या कप्प्यात. रस्सा आणि लॅपटॉप यांची शेजारधर्माची परीक्षा घेऊ नये.

पावसाचा प्रश्न मोठा. त्यावर जगभर नावाजलेलं उत्तर शोधलं ते हार्टमुट ऑर्टलीब नावाच्या एका जर्मन माणसाने. इंग्लंडमध्ये पावसात सायकल चालवताना त्याचं सामान भिजत होतं आणि बाजूने जाणाऱ्या ट्रकमधला माल ताडपत्रीखाली कोरडा होता. घरी जाऊन त्याने ताडपत्रीच्याच पिशव्या शिवल्या आणि 1982 मध्ये कंपनी काढली. आज त्या पिशव्या शिवत नाहीत, कापडाचे जोड उष्णतेने सांधतात, म्हणून सुईच्या भोकांतून पाणी झिरपत नाही. तोंड तीन-चार वेळा गुंडाळून बंद करायचं. मागच्या चाकासाठीच्या जोडीत 40 लिटर सामान मावतं. वस्तू उत्तम, वर्षानुवर्षं टिकते, पण तेवढ्या पैशांत इथे एक साधी सायकल येते.

आणि ताडपत्री काय जर्मनीतच मिळते? प्रत्येक शहरात ट्रकचे हूड आणि रिक्षाची कव्हरं शिवणारे कारागीर बसलेले असतात. त्यांच्याकडून कॅरिअरवर आडवी टाकायची दुहेरी खुर्जी शिवून घ्या. आकड्यांच्या नादाला लागू नका, स्थानिक आकडे हीच सगळ्यात कच्ची जागा असते; पट्टे आणि बकलं पुरेत. चाकाच्या बाजूला आत प्लायवुडचा किंवा जाड प्लॅस्टिकचा तुकडा घालायला सांगा, म्हणजे कापड तारांकडे झुकणार नाही. शिवणीतून पाणी येणारच, म्हणून आत जाड प्लॅस्टिकची पिशवी. मी अशीच खुर्जी वापरतो. दिसायला ती रिक्षाच्या छताची धाकटी बहीण आहे.

लांबच्या सफरीला मात्र मी तयार, आकड्यांच्या पिशव्याच घ्या म्हणेन. रोज संध्याकाळी सामान उतरवून लॉजच्या जिन्याने वर न्यायचं असतं, तिथे खुर्जीचे पट्टे सोडत बसणं जिवावर येतं. पण पिशवीपेक्षा आत काय भरता ते महत्त्वाचं. परदेशी सफरवीरांचे व्हिडिओ बघून आपली पोरं तंबू, स्टोव्ह, झोपायची पिशवी, पुढच्या चाकाला आणखी दोन पिशव्या अशी तयारी करतात. कोकणचा किनारी रस्ता धरून बघा: आगरदांड्याहून दिघीला, दाभोळहून धोपाव्याला फेरीबोटीने खाडी ओलांडायची, आणि उतरलं की चढ. सड्यावर पोचावं तर पुन्हा पुढच्या खाडीकडे उतार. त्या चढावर प्रत्येक जादा किलो तुमच्याशी बोलायला लागतो. वाटेत चहा मिळतो, मासे-भात मिळतो, झोपायला खोली मिळते. तंबू वाहायचा कशाला? माझं पाच दिवसांचं सामान नऊ किलोंच्या आत बसतं. दोन जोड कपडे, ट्यूब, पंप, पंक्चरचं सामान, पाने, औषधं आणि एक लुंगी. ती लुंगी टॉवेल होते, चादर होते, जानमाजही होते.

सध्या सीटमागे लांब शेपटासारखी पिशवी बांधायची पद्धत आली आहे. कॅरिअरची भोकं नसलेल्या सायकलीला, किंवा दगडाधोंड्यांच्या वाटेवर, ती ठीक. ऑफिसला मात्र ती निरुपयोगी आहे: लॅपटॉप मावत नाही, तळातली वस्तू काढायला सगळं उपसावं लागतं आणि वजन वर राहिल्याने चढावर उभं राहून पायडल मारलं की शेपूट डोलतं. तरी ती खपते, कारण ती पाववाल्यासारखी दिसत नाही. हँडलवरची पिशवीही दोन-तीन किलोंच्या पुढे नेऊ नका, वळण जड होतं.

सामान लादल्यावर एकदा सायकल उभी करून मागून बघा. पिशवीने मागचा दिवा किंवा रिफ्लेक्टर झाकला जातो आणि हे बसणाऱ्याला कळतच नाही. दिवा कॅरिअरच्या टोकाला न्या, पिशव्यांवर चमकत्या पट्ट्या चिकटवा. बोल्ट पहिल्या आठवड्यात पुन्हा आवळायचे, कारण नवं कॅरिअर खड्ड्यांनी सैल होतंच. जमलं तर नायलॉनच्या कड्याचे नट लावा आणि दोन जादा बोल्ट पिशवीच्या तळाशी टाकून ठेवा. भाच्याच्या सायकलीला गेल्या महिन्यात कॅरिअर बसलं. काळा रंग मारायच्या अटीवर.