एकटा स्वार आणि नऊ दिवसांचा हिशेब

‘हार्पर्स वीकली’ या अमेरिकी साप्ताहिकाच्या २ नोव्हेंबर १८६७ च्या अंकात जॉर्ज ऑटिंजर या चित्रकाराच्या चित्रावरून कोरलेले एक छापचित्र आले. भरधाव निघालेला ‘पोनी एक्स्प्रेस’चा डाकस्वार तारेचे खांब उभारणाऱ्या मजुरांना अभिवादन करतो आहे. चित्र मोठे देखणे, पण ते छापले गेले तेव्हा ही घोडेडाक बंद पडून सहा वर्षे झाली होती. एप्रिल १८६० मध्ये ती सुरू झाली आणि तारायंत्राची लाइन जोडली जाताच ऑक्टोबर १८६१ मध्ये गुंडाळली गेली. बर्फातून एकटाच दौडणारा शूर स्वार ही प्रतिमा फोफावली ती त्यानंतर. प्रत्यक्षात तीन हजारांहून अधिक किलोमीटरची वाट दहाएक दिवसांत कापली जाई, ती दर पंधरा-वीस किलोमीटरवर घोडा आणि सव्वाशे-दीडशे किलोमीटरवर स्वार बदलून. हिवाळ्यात तर वेळापत्रकच लांबवावे लागे. चौकीवर खोगीर चढवून घोडा तयार ठेवणारा माणूस मात्र चित्राबाहेरच राहिला.

आपल्या इतिहासाकडेही आपण याच नजरेने पाहतो. जानेवारी १७६१ मध्ये पानिपतच्या पराभवाची वार्ता नानासाहेब पेशव्यांना कळली ती सावकाराच्या कासिदाकडच्या पत्रातून. मोती, मोहरा आणि खुर्दा यांच्या सांकेतिक भाषेतले ते पत्र सर्वांना ठाऊक आहे; ग्रँट डफने १८२६ च्या इतिहासात दिलेला एक तपशील मात्र सहसा कोणी सांगत नाही. कासिदाचा करार पानिपतहून औरंगाबादला नऊ दिवसांत पोचण्याचा होता. सरळ रेषेत मोजले तरी हे अंतर हजार किलोमीटरच्या वर, म्हणजे ऐन थंडीत नद्यानाले ओलांडत रोज किमान एकशे दहा किलोमीटरची मजल. एका माणसाच्या पायांना किंवा एका घोड्याला हे नऊ दिवस सलग झेपणारे नाही. वाटेत माणसे किंवा जनावरे बदलत असणार, आणि ती सोय सावकारी पेढ्यांच्या भरवशावर उभी असणार. माझ्या मते पानिपतच्या बातमीचा खरा नायक ही साखळीच आहे.

यावर कोणी म्हणेल, जासूद आणि सांडणीस्वार जिवावर उदार होऊन धावत, त्यांचे शौर्य कशाला पुसता? पुसायचे नाहीच, पण टप्प्यावर ताजे जनावर नसते तर ते शौर्य दुसऱ्याच दिवशी थकले असते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: चित्राकडून जमाखर्चाची अपेक्षा का करावी? मान्य; चित्रकाराला मोकळीक हवीच. मात्र तेच चित्र इतिहासाचा पुरावा म्हणून दाखवले जाते, तेव्हा त्याची उलटतपासणी करावीच लागते.

हैदराबादच्या मराठी माणसाला ती करण्याचे साधन कदाचित घरातच सापडेल. निजामाच्या राज्याने १८६९ मध्ये स्वतःची टपाल तिकिटे काढली आणि पुढच्या तिकिटांवर किंमत मराठीतही छापली. मराठवाड्यातून अंबरपेठ, काचीगुड्याकडे आलेल्या कुटुंबांच्या ट्रंकांत अशी पाकिटे अजून असू शकतात. संग्राहक तिकीट कापून घेतो आणि पाकीट टाकून देतो. पण पत्र कुठून निघाले, कुठे आणि कधी पोचले हे सांगणारे शिक्के पाकिटावरच असतात, पुष्कळदा मागच्या बाजूला. तेव्हा तिकिटे कापू नका, पाकिटे जशीच्या तशी ठेवा आणि गावातल्या मराठी ग्रंथालयाला निदान त्यांची दोन्ही बाजूंची छायाचित्रे द्या.