कोकणी लूक नको, पागोळी हवी

रत्नागिरीत सध्या घर बांधणाऱ्या कुणाशीही बोला, एक वाक्य हमखास येतं: 'थोडा कोकणी लूक पाहिजे.' हा लूक म्हणजे काय ते मला आता पाठ झालंय. हॉलच्या एका भिंतीला चिऱ्यासारखं दिसणारं क्लॅडिंग, कोपऱ्यात पितळी समई, छताला झोपाळा, टीव्हीखाली शोभेला ठेवलेलं जातं. बाकी सगळं घर पुण्या-मुंबईच्या फ्लॅटचं. वर सपाट स्लॅब, त्याखाली पीओपीचं फॉल्स सीलिंग, स्लायडिंगच्या खिडक्या आणि कायम बंद काचा.

माझं भांडण आवडीनिवडीशी नाही. ज्याला झोपाळा हवा त्याने खुशाल टांगावा. भांडण आहे ते निवडीशी. जुन्या घरात जे शहाणपणाचं होतं ते आपण फेकतोय, जे फोटोत बरं दिसतं तेवढं ठेवतोय, आणि त्या घरात जे वाईट होतं त्याबद्दल चकार शब्द काढत नाही.

आधी त्या क्लॅडिंगचं बघू. हा जिल्हा जांभ्या दगडावर बसलाय. गावाबाहेर सड्यावर गेलं की पायाखाली जांभाच. उक्षीला याच कातळावर कुणीतरी फार जुन्या काळी हत्ती कोरून ठेवलाय. खाणीतून निघताना हा दगड मऊ असतो, हवा लागली की टणक होत जातो, म्हणून तर त्याचे चिरे सहज पाडता येतात. आणि इथे आपण विटेची नाहीतर ब्लॉकची भिंत बांधतो, प्लास्टर करतो, मग त्यावर चिऱ्याचा मुखवटा चिकटवतो. बाहेरगावहून आलेल्या मित्राला ताजा बांगडा सोडून बांगड्याचं चित्र वाढण्यापैकी आहे हे.

पण चिऱ्याचा एक स्वभाव आहे. तो सच्छिद्र असतो, पाणी पितो. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, तोही बहुतेक सगळा चार महिन्यांत. मग जुन्या लोकांनी या पाणी पिणाऱ्या दगडाची घरं बांधली कशी? त्यांनी भिंत भिजूच दिली नाही. छप्पर उतरतं, वासे भिंतीच्या बऱ्याच पुढे आलेले, चहूबाजूंनी नाहीतर निदान पुढेमागे पडवी, आणि पाणी पडतं ते पागोळ्यांतून, भिंतीपासून लांब. वाऱ्याबरोबर झड आत येते, म्हणून पावसाळ्यापुरती पडवीला माडाची झापं बांधायची. कौलांच्या फटींतून गरम हवा वर निघून जायची. ओटी, पडवी, माजघर ही एका अर्थी पावसाची गणितं होती. झोपाळा हा त्या गणिताचा हातचा. पडवीत बसायला जागा होती म्हणून तो तिथे आला.

आता स्लॅबकडे या. नवी कोरी सपाट स्लॅब दोन-चार पावसाळे बरी राहते. मग कुठेतरी ओल दिसते. मग वॉटरप्रूफिंग. मग पुन्हा ओल. शेवटी मालक कंटाळून स्लॅबवर लोखंडी सांगाडा उभा करतो आणि निळ्या पत्र्याची उतरती शेड घालतो. शहरात कुठल्याही जरा उंच जागेवर उभं राहून खाली बघा, घरामागून घर असं दिसेल. म्हणजे उतरतं छप्पर आलंच. फक्त दुसऱ्यांदा पैसे मोजून आलं, आणि तेही असं, की ना त्याची सावली भिंतीवर पडते, ना पागोळी लांब पडते. खाली फॉल्स सीलिंगवर पिवळे डाग उमटतात, एमडीएफची कपाटं फुगतात, चामड्याच्या चपलांवर बुरा येतो. स्लायडिंगची खिडकी कितीही मोठी असो, उघडते अर्धीच. आणि ऑगस्टमध्ये ती अर्धीही उघडता येत नाही, कारण वर पाऊस अडवायला धड छज्जा नाही. मग आपण रूम फ्रेशनर आणतो. मोगऱ्याच्या वासाचा.

यावर शुद्धतावादी मंडळी माना डोलावतील. त्यांनी फार खूश होऊ नये. कारण त्यांचं म्हणणं असतं, सिमेंट हेच पाप, परंपरेकडे परत चला. कुठली परंपरा? कोकणी घराची ओळख म्हणून जे लाल कौल ब्रोशरवर असतं, ते मंगलोरी कौल. बासेल मिशनच्या मिशनऱ्यांनी 1865 साली मंगळूरला कारखाना काढला, तिथून त्याचा पसारा वाढला. त्याआधी नळीची कौलं होती, आणि गरिबाच्या घरावर तर कौलच नव्हतं. आपल्या पणजोबांनी कारखान्यातला माल डोळे उघडे ठेवून घेतला, कारण त्याने काम भागत होतं. त्यांना 'लूक' नको होता. घर गळायला नको होतं.

आणि शेणाने सारवलेल्या जमिनीच्या आठवणीने ज्यांचे डोळे पाणावतात, त्यांना माझा एकच प्रश्न आहे: सारवत कोण होतं?

जुन्या घराचा पुढचा भाग उजेडाचा. ओटीवर पुरुष, पाहुणे, पानाचा डबा, गप्पा. जसजसं आत जावं तसतसा उजेड कमी. माजघर काळोखं, स्वयंपाकघर त्याहून काळोखं. एखादा झरोका, आणि ओल्या लाकडांचा धूर. त्या धुराने वाशांना कीड कमी लागायची, हे आजही कौतुकाने सांगितलं जातं. वासे टिकले खरे. चुलीपाशी बसलेल्या बाईच्या छातीचं काय झालं, ते कुणी मोजलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे 2020 साली जगभरात घरातल्या धुराने सुमारे 32 लाख लोक मेले. त्याच घरात बाळंतिणीची खोली होती, कोंदट, शेगडीसकट. मासिक पाळीत बाजूला बसायची जागा होती. विधवा बाईचा कोपरा होता. दापोली तालुक्यातल्या मुरुडचे धोंडो केशव कर्वे. 1893 साली त्यांनी गोदूबाईंशी, एका विधवेशी लग्न केलं, आणि गावाने त्यांच्यावर बहिष्कार टाकला. नारळी-पोफळीच्या सावलीतल्या, आज आपण हेरिटेज म्हणून ज्यांचे फोटो काढतो, तसल्याच घरांमधून तो बहिष्कार आला होता.

दुसरा प्रश्न: हे 'कोकणी घर' नेमकं कुणाचं? ब्रोशरमधलं घर बहुधा माडीचं असतं, नक्षीच्या खांबांचं. म्हणजे खोताचं, नाहीतर खोताच्या बरोबरीच्या कुणाचं. कुळाचं घर कुडाचं होतं, वर गवत, म्हणजे केंबळी. बाबासाहेब आंबेडकरांचं मूळ गाव आंबडवे याच जिल्ह्यात, मंडणगड तालुक्यात. खोती रद्द करण्याचं विधेयक त्यांनी 1937 साली मुंबईच्या कायदेमंडळात मांडलं, खोती गेली ती 1949 च्या कायद्याने. ज्या ओटीवर आज पर्यटक हात पसरून सेल्फी काढतो, त्या ओटीची पायरी गावातल्या किती जणांना चढता येत नव्हती, हे होमस्टेच्या माहितीपत्रकात नसतं. मी ते तिथे छापा म्हणत नाही. पण नवं घर आखताना निदान आपल्या डोक्यात असावं.

थिबा राजवाड्याचंही तेच. ब्रह्मदेशाच्या राजाला इंग्रजांनी 1886 साली रत्नागिरीत आणून ठेवलं, राजवाडा बांधून झाला 1910 मध्ये, आणि 1916 साली राजा इथेच वारला. वास्तू देखणी, खाडीकडे बघणारी, आणि आत कैदी. त्याची नात टू टू मात्र याच शहरात साध्या घरात, मराठी बोलत, कष्टात म्हातारी झाली. पर्यटक राजवाडा बघून जातात, ती कुठल्या घरात राहायची हे कुणी विचारत नाही.

हे सगळं मी तुम्हाला का सांगतेय? कारण येत्या दहा-पंधरा वर्षांत गावाकडच्या त्या बंद घराचं काय करायचं हे तुम्हीच ठरवणार आहात. गणपती-शिमग्याला उघडणारं, सामाईक सातबाऱ्यातलं, वाळवी लागलेलं ते घर. काका म्हणतील पाडू या, स्लॅब टाकू. चुलतभाऊ रील दाखवून म्हणेल, होमस्टे करू, कोकणी लूकमध्ये. दोघांनाही थांबवून आधी दोन गोष्टी विचारा. छपराचं पाणी भिंतीपासून किती लांब पडणार? आणि स्वयंपाक करणाऱ्या माणसाला समोर काय दिसणार? डिझायनरकडे या दोन्हींची उत्तरं नसतील, तर त्याला सोफ्याचा रंग विचारण्यात अर्थ नाही. उतरती आरसीसी करून वर कौलं बसवता येतात, स्टीलच्या सांगाड्यावरही बसतात. सिमेंट वापरा, एक्झॉस्ट लावा, खिडक्यांना बाहेर उघडणारी दारं करा, वर रुंद छज्जा द्या. जमीन कोबा करा नाहीतर टाइल्स घाला. सारवायला कुणी मोकळं नाही.

माझ्या ओळखीतल्या एका बाईंनी मध्यंतरी घर दुरुस्त करताना एकच मोठा बदल केला. पूर्वीची ओटी होती तिथे, घराच्या अगदी पुढ्यात, स्वयंपाकघर आणलं. ओट्यासमोर चार फुटांची खिडकी, बाहेर खळं आणि रस्ता. बैठकीची खोली गेली मागे, जुन्या काळोख्या स्वयंपाकघरात, तिथल्या भिंतीला मोठी खिडकी पाडून. 'दारात चूल मांडलीन' म्हणून आळीत चर्चा झाली. वास्तू बघणाऱ्याने आग्नेय दिशेचा आग्रह धरला, बाईंनी त्याला चहा देऊन निरोप दिला. आता त्या खिडकीतून येणाऱ्या-जाणाऱ्याची खबर घेत फणसाचे गरे सोलतात. घराला क्लॅडिंग नाही. भिंती जुन्याच, खऱ्या चिऱ्याच्या, आणि पागोळ्या त्यांच्यापासून तीन फुटांवर पडतात.