परवानगीनेच उडवलेली घळ



प्राचीन श्रद्धास्थानं कशी जपावीत हे ऑस्ट्रेलियाकडून शिकावं, असं मागच्या अंकातल्या पत्रात वाचलं. उलुरू या पवित्र खडकावर चढायला २६ ऑक्टोबर २०१९ पासून बंदी आहे, हे पत्रलेखकाचं उदाहरण खरंच आहे. पण माझ्या या पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या जूकन घळीचा त्यात उल्लेखही नाही!

पिलबारातली ही घळ पुटू कुंटी कुर्रामा आणि पिनिकुरा या मूळनिवासींची पवित्र जागा. तिथल्या एका गुहेत ४६,००० वर्षांपासूनच्या मानवी वावराच्या खुणा होत्या. २४ मे २०२० रोजी रिओ टिंटो या खाण कंपनीनं लोहखनिजासाठी तिथल्या दोन गुहा सुरुंग लावून उडवल्या. बेकायदा? छे, १९७२ च्या वारसा कायद्याच्या कलम १८ खाली मंत्र्यांनी २०१३ मध्येच रीतसर संमती दिली होती. नंतर, २०१४ च्या उत्खननात, माणसांच्या केसांच्या चार हजार वर्षं जुन्या वेणीचा तुकडा मिळाला. डीएनएनं त्याचं नातं आजच्या वंशजांशी जुळलं. तरीही संमतीचा फेरविचार करण्याची सोय कायद्यात नव्हती. अपिलाचा हक्क होता, पण तो जमीनधारकाला, म्हणजे खाणवाल्यांना!

जगभर छी-थू झाल्यावर नवा कायदा आला, १ जुलै २०२३ ला लागूही झाला. शेतकरी भडकले आणि ऑगस्टमध्येच सरकारनं तो गुंडाळायचं ठरवलं. आता पुन्हा १९७२ चाच कायदा आहे, दुरुस्त्यांसह. मूळनिवासींना अपील करता येतं, हा त्यातला खरा बदल. संमती द्यायची की नाही, हे मात्र अजून मंत्रीच ठरवतात.

– एक वाचक, पर्थ