पिंजऱ्यातली झाडं

जून उजाडला की वृक्षारोपणाचे फोटो येतात. खड्डा, रोप, चार मान्यवर, एक झारी. खरी परीक्षा पुढच्या मार्चमध्ये असते. तेव्हा तिथे ना पाणी असतं, ना फोटोग्राफर.

शहरातलं एखादं जुनं झाड जवळून पाहावं. लहानपणी बसवलेला लोखंडी पिंजरा कुणी काढलेलाच नसतो. सळई सालीत रुतलेली, वर दिव्यांच्या माळेचे खिळे. बुंध्याला भिडवून पेव्हर ब्लॉक. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते, ही गोष्ट पदपथाच्या निविदेत बसत नाही. राष्ट्रीय हरित लवादाने 2013 मध्ये दिल्लीत झाडांभोवतीचं एक मीटर त्रिज्येतलं काँक्रीट काढायला सांगितलं होतं. आपल्याकडे वृक्षसंरक्षणाचा कायदा 1975 पासून आहे. तरीही कोंडलेली मुळं दिसतातच, आणि झाड वादळात पडलं की खापर वाऱ्यावर!

निवडीचंही तेच. मूळचा मादागास्करचा गुलमोहर झटपट वाढतो, म्हणून लावला जातो. फांद्या मात्र ठिसूळ. ताम्हण राज्यपुष्प असूनही रस्त्यांवर शोधावं लागतं.

यंदा नवं रोप लावण्याआधी दारातल्या जुन्या झाडाभोवतीचे ब्लॉक काढायचा अर्ज पालिकेच्या उद्यान विभागाकडे द्या.