ग्रहणाची वाट कशाला?

२ ऑगस्ट २०२७ रोजी, आषाढ अमावस्येच्या दुपारी, पश्चिम भारतात खंडग्रास सूर्यग्रहण आहे. मावळात ते दिसेल याची आशा मात्र कमीच. ऑगस्टच्या सुरुवातीला लोणावळा-खंडाळ्याचे डोंगर ढगांत असतात आणि पवनेच्या काठावर समोरचा तिकोनाही दिसत नाही. तरीही त्या सुमारास ग्रहणाचे चष्मे विकले जातील, शाळांना पत्रके जातील आणि दुसऱ्या दिवशी ‘ढगांमुळे निराशा’ अशी बातमी छापून येईल. मग सूर्य पुढच्या ग्रहणापर्यंत विसरला जाईल.

सूर्यनिरीक्षण म्हणजे ग्रहण हे समीकरण चुकीचे आहे, आणि ते डोळ्यांसाठीही धोक्याचे आहे. सूर्य पाहायला शिकायचे तर ग्रहण नसलेल्या एखाद्या साध्या दिवशी, शाळेच्या मैदानावर आणि योग्य साधनानेच सुरुवात करायला हवी. खास सूर्यासाठी बनवलेली दुर्बीण हे त्यातले सर्वांत सुंदर साधन आहे. पण तिथपर्यंत पायरी पायरीने जावे लागते.

दीडशे वर्षांपूर्वीच सुटलेला प्रश्न

एके काळी ग्रहणाची वाट पाहण्याला खरेच कारण होते. सूर्याच्या कडेवरून उसळणाऱ्या ज्वाळा फक्त खग्रास ग्रहणाच्या त्या काही मिनिटांत दिसत. एरवी आकाशाच्या उजेडात त्या बुडून जात. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणासाठी फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन आंध्रातल्या गुंटूरला आले होते. वर्णपटदर्शकातून त्यांना दिसले, की या ज्वाळांचा प्रकाश काही मोजक्याच रंगांत एकवटलेला आहे. मग आकाशाच्या उजेडातून नेमका तेवढाच रंग वेगळा काढला, तर ग्रहण नसतानाही ज्वाळा दिसतील, हे त्यांच्या लक्षात आले. दुसऱ्याच दिवशी त्यांनी त्या पाहिल्या. त्यानंतर दोन महिन्यांनी इंग्लंडमध्ये नॉर्मन लॉकियर यांनी स्वतंत्रपणे तेच साधले.

महाराष्ट्रात या कथेची थोडी गल्लत होते. हेलियमचा शोध १८६८ मध्ये विजयदुर्गावर लागला असे सर्रास सांगितले जाते. लॉकियर विजयदुर्गाला आले ते २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. त्याच ग्रहणाच्या वेळी पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला करमाळा तालुक्यातल्या जेऊरला तळ ठोकून होते. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून त्यांनी पुण्यात महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा उभारली होती. तिथली वीस इंची दुर्बीण त्या काळी देशातली सर्वांत मोठी होती. १९१२ मध्ये वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली. पुण्याच्या हातून ती गेली, कारण नायगमवालांच्या मागे ते काम रोज चालवणारे कोणी उरले नाही. कोडाईकनालला मात्र विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून सूर्याची छायाचित्रे नेमाने घेतली गेली, आणि आज जगभरचे अभ्यासक ती नोंदवही चाळतात. दुर्बीण किती मोठी आहे, यापेक्षा ती रोज कोण वापरते हा प्रश्न तेव्हाही महत्त्वाचा होता. आजही आहे.

सौर दुर्बीण म्हणजे काय?

जान्सेन यांची युक्ती आज हातात मावेल एवढ्या नळीत बसते. खास सूर्यासाठीच्या ‘हायड्रोजन-अल्फा’ दुर्बिणीत सूर्याचा जवळपास सगळा प्रकाश अडवला जातो. ६५६.३ नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपासची, एक अँगस्ट्रॉमहूनही अरुंद अशी लाल रंगाची पट्टी तेवढी डोळ्यापर्यंत पोहोचते. हे काम ‘एटॅलॉन’ करतो, म्हणजे अतिशय काटेकोर अंतरावर समांतर बसवलेल्या दोन काचा. नेत्रिकेआधीचा आणखी एक फिल्टर उरलेला नको तो प्रकाश रोखतो. त्या लाल प्रकाशात सूर्याच्या दिसणाऱ्या पृष्ठभागावरचा थर, म्हणजे वर्णावरण, दिसते. कडेवर ज्वाळा, तबकडीवर काळ्या दोऱ्यांसारखे तंतू आणि डागांभोवतीचे तेजस्वी पट्टे दिसतात. एखादी ज्वाळा वीस मिनिटांत आकार बदलते. सूर्य हा स्थिर गोळा नाही, हे पुस्तकातले वाक्य तेव्हा खरे वाटू लागते.

पहिल्यांदा डोळा लावणाऱ्याची मात्र बहुधा निराशा होते. एक लालभडक चकती, बाकी काही नाही. डोक्यावर काळे कापड घेऊन, दुर्बिणीचे समायोजन चक्र हळूहळू फिरवत चारपाच मिनिटे धीर धरला, की कडेवरचा पहिला केसर दिसतो. मुलांची लांब रांग लावून प्रत्येकाला दहा सेकंद देणाऱ्या शिबिरात म्हणूनच कोणालाच काही दिसत नाही.

अडचण किमतीची आहे. चाळीस मिलिमीटरची लहानशी दुर्बीणही भारतात येईपर्यंत लाखाच्या घरात जाते. म्हणून सुरुवात इथून करू नये.

तीन पायऱ्या

पहिली पायरी जवळजवळ फुकट आहे. चेंडूवर लहानसा आरसा चिकटवायचा, आरशावर नाण्याएवढे भोक पाडलेला कागद लावायचा, तो उन्हात ठेवायचा आणि त्याचा कवडसा अंधाऱ्या वर्गाच्या भिंतीवर टाकायचा. आरसा ते भिंत जितके अंतर, त्याच्या साधारण शंभराव्या भागाएवढी सूर्याची प्रतिमा मिळते. वीस मीटरवर ती वीतभर होते. सगळा वर्ग ती एकाच वेळी पाहतो आणि एकाही मुलाला सूर्याकडे तोंड करावे लागत नाही. मोठा डाग असला तर तोही दिसू शकतो. कवडसा कोणाच्या डोळ्यांवर जाणार नाही, एवढे शिक्षकाने पाहायचे.

दुसरी पायरी पांढऱ्या प्रकाशाच्या फिल्टरची. शाळेत कपाटात पडलेली लहान दुर्बीण असेल, तर तिच्या पुढच्या भिंगावर खास सौर फिल्म बसवता येते. सूर्यप्रकाशाचा लाखावा भाग तेवढा आत सोडणारी ही फिल्म काही हजार रुपयांत मिळते. त्यातून सूर्यडाग स्पष्ट दिसतात, आणि खरे विज्ञान इथेच सुरू होते. रोज त्याच वेळी एक वर्तुळ आखून त्यात डाग मांडले, तर डाग सूर्याच्या एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे सुमारे तेरा-चौदा दिवसांत सरकताना दिसतात. म्हणजे सूर्य स्वतःभोवती फिरतो, हे आठवीचा वर्ग स्वतः मोजू शकतो. सध्याचे सौरचक्र डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झाले. ते ऐन भरात असताना, मे २०२४ मध्ये, लडाखमधल्या हानलेतून ध्रुवीय प्रकाशाची छायाचित्रे घेतली गेली. आता पुढची काही वर्षे डाग कमी होत जातील. आज पाचवीत असलेल्या मुलाने वही सुरू केली तर दहावीपर्यंत ही उतरण त्याच्याच हस्ताक्षरात नोंदलेली असेल.

तिसरी पायरी हायड्रोजन-अल्फा दुर्बिणीची. पहिल्या दोन पायऱ्या वर्षभर नेमाने चाललेल्या ठिकाणीच तिचा विचार करावा.

डोळ्यांचा हिशेब

सूर्याकडे पाहताना डोळा दुखला नाही म्हणजे इजा झाली नाही, असे अनेकांना वाटते. दृष्टिपटलाला वेदना कळत नाहीत. प्रकाशामुळे तिथल्या पेशींत रासायनिक इजा होते आणि काही तासांनी नजरेच्या मधोमध धूसरपणा किंवा काळा ठिपका जाणवू लागतो. काहींची दृष्टी आठवड्यांत किंवा महिन्यांत सुधारते, काहींची कधीच पूर्ववत होत नाही. यावर सिद्ध झालेला उपचार नाही. हे नुसत्या डोळ्यांनी पाहण्याबद्दल झाले. साठ मिलिमीटरचे भिंग उन्हात आक्रसलेल्या दोन मिलिमीटरच्या बाहुलीच्या नऊशे पट प्रकाश गोळा करते. फिल्टर नसलेल्या दुर्बिणीतून सूर्य पाहिला तर इजा व्हायला क्षणही पुरतो.

त्यामुळे काही गोष्टी ठामपणे सांगायला हव्यात. एक्स-रेची फिल्म, काजळी धरलेली काच, सीडी, शेणाच्या पाण्यातले प्रतिबिंब, यांपैकी काहीही सुरक्षित नाही. ग्रहणाचे चष्मे नुसत्या डोळ्यांसाठी आहेत. ते लावून दुर्बिणीत पाहिले तर चष्मा वाचत नाही आणि डोळाही नाही. जुन्या स्वस्त दुर्बिणींसोबत नेत्रिकेवर बसवायचा ‘सन फिल्टर’ येई. उष्णतेने तो तडकू शकतो, म्हणून तो सरळ फेकून द्यावा. सर्वांत फसवी चूक नावातली आहे. रात्रीच्या तेजोमेघांच्या छायाचित्रणासाठीही ‘हायड्रोजन-अल्फा’ नावाचे फिल्टर विकले जातात. ते सूर्यासाठी नाहीत आणि त्यांतून सूर्य पाहणे घातक आहे.

फिल्मही बसवली की काम झाले, असे नाही. घाटमाथ्यावरचा वारा सैल फिल्म सहज उडवतो, म्हणून ती चिकटपट्टीने पक्की करायची. दर वेळी दिव्यासमोर धरून छिद्रे तपासायची. शोधक दुर्बीण काढून टाकायची किंवा झाकायची. दुर्बिणीजवळून जबाबदार माणसाने हलायचे नाही. हलायचेच असेल तर ती सूर्यापासून वळवून झाकण लावायचे. एका पानावर मावणारे हे नियम शाळेच्या भिंतीवर लावून पाळायचे आहेत. दुर्बीण कितीही महाग असली तरी ते पाळणारे माणूस नसेल तर ती सुरक्षित नाही.

मावळच का?

मावळात तारे पाहणे वर्षागणिक अवघड होत आहे. द्रुतगती मार्ग, तळेगावच्या औद्योगिक वसाहती, लोणावळ्याचे बंगले आणि रिसॉर्ट यांच्या दिव्यांनी क्षितिज उजळलेले असते. त्यात रात्रीचा कार्यक्रम म्हटला की नाणे मावळ किंवा आंदर मावळातल्या वाडीवरच्या मुलीला घरून परवानगी मिळत नाही, आणि मिळाली तर एसटी मिळत नाही. सूर्याला ही अडचण नाही. तो शाळेच्या वेळेत, शाळेच्या मैदानावर येतो. दिव्यांच्या झगमगाटाने त्याचे काही बिघडत नाही.

ऑक्टोबर ते मे हा काळ इथे मोकळ्या आकाशाचा. सकाळी आठ ते दहा ही वेळ उत्तम, कारण जमीन तापली की हवा थरथरते आणि सूर्याची कड उकळत्या पाण्यासारखी दिसते. पत्र्याच्या शेडपेक्षा आणि सिमेंटच्या गच्चीपेक्षा गवताचे मैदान बरे. पाण्याच्या सान्निध्यात हवा आणखी शांत राहते. उदयपूरची सौर वेधशाळा फत्तेसागर तलावातल्या बेटावर बांधली आहे ती याचसाठी. पवना जलाशयाच्या काठच्या शाळांना हा फायदा फुकट मिळू शकेल.

अडचण पावसाळ्याची. चार महिने निरीक्षण बंद, आणि तेवढ्यात दमट हवेने भिंगांवर बुरशी धरते. सौर दुर्बिणीचे नाजूक फिल्टर ओलाव्याने धुरकट होतात. जूनच्या आधी दुर्बीण हवाबंद डब्यात, ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवली नाही, तर लाखाची वस्तू तीनचार पावसाळ्यांत निकामी होऊ शकते.

म्हणूनच प्रत्येक शाळेला सौर दुर्बीण द्या, ही मागणी चुकीची ठरेल. ती उद्घाटनाच्या फोटोनंतर कपाटात जाईल. शाळेला आरसा, फिल्म आणि वही एवढेच पुरे. हायड्रोजन-अल्फा दुर्बीण तालुक्याला एक असावी. ती प्रशिक्षित शिक्षकाच्या ताब्यात असावी आणि वडगाव, कामशेत, पवनानगर, लोणावळा अशी फिरती राहावी. ज्या शाळेच्या वहीत वर्षभराच्या नोंदी असतील, तिथे ती आधी जावी. पुणे जिल्ह्यात याला मार्गदर्शन करणारे लोकही आहेत. १९४४ मध्ये स्थापन झालेली ज्योतिर्विद्या परिसंस्था पुण्यातच आहे. आदित्य-एल१ यानावरची, सूर्याचे अतिनील प्रकाशातले फोटो घेणारी ‘सूट’ ही दुर्बीण पुण्याच्या आयुका संस्थेच्या पुढाकाराने घडली.

आदित्यचे फोटो मोबाइलवर दिसतात, मग हा खटाटोप कशाला, असे कोणी विचारेल. फोटोतल्या सूर्यावर मुलाला विश्वास ठेवावा लागतो. वहीतला डाग त्याने स्वतः काल तिथे पाहिलेला असतो, आणि आज तो सरकला आहे हे तो दुसऱ्याला दाखवू शकतो. ग्रहणात खिडक्या लावून बसणाऱ्या किंवा एक्स-रे घेऊन गच्चीवर धावणाऱ्या घरात असे एक मूल असले, तर पत्रकापेक्षा ते अधिक पटवून देईल.

भाजे लेण्यांतल्या एका विहाराच्या भिंतीवर रथात बसलेली मूर्ती कोरली आहे. ती सूर्याची मानली जाते आणि दोन हजार वर्षांहून जुनी आहे. माघातल्या रथसप्तमीला मावळातल्या अंगणांत आजही सूर्याचा रथ काढला जातो. त्या दिवसांत आकाश निरभ्र असते आणि शाळाही चालू असतात. वहीतली पहिली नोंद त्याच सकाळी करावी. सुरुवात अशी झाली, तर १३ नोव्हेंबर २०३२ च्या दुपारी बुधाचा बारीक काळा ठिपका सूर्यबिंबावरून सरकत जाईल तेव्हा मावळातल्या मुलांना फिल्टर कसा लावायचा हे कोणाला विचारावे लागणार नाही.