घरातलं टेबल ऑफिसचं, मग बिल आपल्या नावावर का?

हिंजवडीतल्या बऱ्याच आयटी ऑफिसांत आता ठरलेली जागा कुणाचीच नसते. ॲपवर टेबल बुक करायचं, जाऊन बसायचं आणि एक वायर लॅपटॉपला लावायची. मॉनिटर, कीबोर्ड, माउस, नेट, चार्जिंग, सगळं त्या एका वायरीतून सुरू. टेबलाच्या कोपऱ्यातली ती काळी डबी म्हणजे डॉकिंग स्टेशन. कंपनीने ती प्रत्येक टेबलावर ठेवलीय, कारण तिच्यामुळे काम नीट होतं हे कंपनीला पक्कं ठाऊक आहे.

आठवड्यातले उरलेले दोन दिवस माणूस तोच, लॅपटॉप तोच, काम तेच. फक्त पत्ता वाकडचा नाहीतर कोथरूडचा. तिथे मात्र ती डबी अचानक 'वैयक्तिक सोय' होते. आमच्याकडे विचारलं तेव्हा अगदी हेच उत्तर आलं: घरची व्यवस्था कर्मचाऱ्याने आपल्या सोयीने करावी.

मला हे पटत नाही. हायब्रिड कामात घरातलं टेबल हे ऑफिसचंच दुसरं टेबल असतं. त्यावरच्या साध्याशा डॉकचा खर्च कंपनीने करायला हवा.

आता कुणी म्हणेल, लॅपटॉप दिलाय ना, अजून काय पाहिजे? लॅपटॉपची मुळातली अडचण अशी की त्याचा स्क्रीन आणि कीबोर्ड एकमेकांना चिकटलेले आहेत. स्क्रीन डोळ्यांसमोर आणला तर हात वर टांगतात, हात नीट ठेवले तर मान खाली जाते. तासभर चालतं, रोज आठ तास नाही. म्हणून वेगळा मॉनिटर आणि कीबोर्ड लागतो. आणि आपल्या टू-बीएचकेत वेगळी खोली कुठली असायला? जेवणाचं टेबल सकाळी ऑफिस, संध्याकाळी पोरांचा अभ्यास, रात्री जेवण. रोज पाच वायरी लावायच्या आणि काढायच्या म्हटल्यावर माणूस चौथ्या दिवशी कंटाळतो आणि नुसत्या लॅपटॉपवर वाकून बसतो. एकच वायर असली की टेबल मिनिटात मोकळं होतं.

बरं, ही काही फार महागाची गोष्टही नाही. एक मॉनिटर, कीबोर्ड, माउस आणि चार्जिंग एवढीच गरज असेल, तर दोन-अडीच ते पाच हजारांत मिळणारा टाइप-सी हब बहुतेकांना पुरतो. स्वतःचा वेगळा ॲडॅप्टर असलेला मोठा डॉक दहा-पंधरा हजारांच्या पुढे जातो, तो सगळ्यांना लागत नाही. तपकीर गल्लीत जा नाहीतर ऑनलाइन मागवा, पण चार गोष्टी बघून घ्या.

एक, लॅपटॉपच्या टाइप-सी पोर्टमधून चित्र बाहेर पडतं का. पोर्टचा आकार सारखा असला तरी काही पोर्ट फक्त डेटा आणि चार्जिंगचे असतात. कंपनीच्या वेबसाइटवर आपल्या मॉडेलच्या माहितीत 'डिस्प्लेपोर्ट' किंवा 'थंडरबोल्ट' हा शब्द शोधा. तो नसेल तर असा हब घेऊन उपयोग नाही.

दोन, खोक्यावर '४के' लिहिलेलं असतं, पण ३० हर्ट्झ की ६० ते बघा. ४के मॉनिटर ३० हर्ट्झवर चालला की माउसचा बाण अडखळत चालल्यासारखा वाटतो. साध्या फुल एचडी मॉनिटरला ही चिंता नाही.

तीन, बहुतेक छोट्या हबना स्वतःचा ॲडॅप्टर नसतो. लॅपटॉपचा चार्जर हबला लावायचा आणि हब त्यातली दहा-पंधरा वॉट स्वतःसाठी ठेवून उरलेली पुढे देतो. चार्जर ६५ वॉटचा असेल तर लॅपटॉपपर्यंत साधारण ५० पोहोचते. ऑफिसच्या कामाला हे सहसा पुरतं, जड कामात चार्जिंग हळू होतं.

चार, दोन मॉनिटर हवे असतील तर आधी लॅपटॉपची क्षमता बघा. एम१ आणि एम२ चिपच्या मॅकबुक एअरला अधिकृतपणे एकच बाहेरचा मॉनिटर चालतो. डिस्प्लेलिंक तंत्राच्या डॉकने त्यातून वाट निघते, पण त्याचं सॉफ्टवेअर टाकावं लागतं आणि कंपनीच्या लॅपटॉपवर ते टाकायची परवानगी आपल्याला नसते.

आता या चारही मुद्द्यांकडे पुन्हा बघा. कुठलं मॉडेल चालेल हे ठरतं कंपनीच्या लॅपटॉपवरून. सॉफ्टवेअर टाकायची परवानगी कंपनीच्या आयटी विभागाकडे. काम कंपनीचं. फक्त पैसे आपले. हे गणित बसतं कुठे?

करांचा हिशोब तर आणखी मजेशीर आहे. ५,००० रुपयांच्या डॉकवर १८ टक्के जीएसटी धरला तर आपण ५,९०० मोजतो. कंपनीने तोच डॉक कामासाठी घेतला तर ते ९०० रुपये तिला सहसा इनपुट क्रेडिट म्हणून मिळतात आणि उरलेली रक्कम धंद्याच्या खर्चात जाते. पगारदार माणसाला यातलं काहीच नाही. त्याच्यासाठी सरसकट प्रमाणित वजावट आहे, डॉक घेतला काय, न घेतला काय. म्हणजे ज्याला ही वस्तू स्वस्त पडते तो हात वर करतो आणि ज्याला महाग पडते तो घेतो.

वर्षाला साडेतीन लाखांच्या पॅकेजवर लागलेला, मारुंजीच्या पीजीत राहणारा पोरगा बघा. त्याला हे ५,९०० जड जातात. तो गादीवर बसून मांडीवर लॅपटॉप घेऊन काम करतो. पाठीचं दुखणं पुढे त्याचं त्यालाच निस्तरावं लागणार.

ही मागणी काही जगावेगळी नाही. जुलै २०२२ मध्ये केंद्र सरकारने सेझमधल्या युनिटसाठी घरून कामाचा नियम ४३अ आणला, तेव्हा घरून कामासाठी लागणारी उपकरणं आणि सुरक्षित जोडणी युनिटने पुरवावी असं त्यात म्हटलं होतं. स्पेनच्या २०२१ च्या कायद्यात तीन महिन्यांत किमान ३० टक्के काम घरून होत असेल तर साधनांचा खर्च मालकाचा. पाचातले दोन दिवस म्हणजे ४० टक्के, हे आपलं आपण मोजा. कॅलिफोर्नियात कामासाठी करावा लागलेला आवश्यक खर्च मालकाने भरून द्यायचा, असं कामगार कायद्याचं कलम २८०२ सांगतं. म्हणजे एकाच प्रोजेक्टवर तिकडच्या माणसाला जो हक्क, ती इकडे 'सोय'.

घरून काम करताना हिंजवडीचा ट्रॅफिक वाचतो, पेट्रोल वाचतं, हे खरंच आहे. पण कंपनीचंही जागेचं भाडं, वीज आणि एसी वाचतो. दोघांचं वाचतंय तर त्यातून एक डबी यायला हरकत नसावी. नोकरी सोडताना लॅपटॉप परत करतो तसा डॉकही परत करू.

आमच्या टीममधल्या आठ जणांनी मिळून गेल्या आठवड्यात एचआरला मेल टाकलाय. मागण्या तीनच. कंपनीच्या लॅपटॉपवर चालणाऱ्या दोन-तीन स्वस्त मॉडेलची यादी द्या. मागेल त्याला त्यातला एक कंपनीच्या नावावर द्या. आणि हे पॉलिसीत लिहा, म्हणजे मॅनेजर बदलला की नियम बदलणार नाही. कंत्राटी लोकांनाही हेच लागू करा, असं त्याखाली मुद्दाम लिहिलंय.

उत्तर अजून आलेलं नाही. तुमच्याकडे डॉक किंवा मॉनिटर मिळत असेल, तर पॉलिसीतली ती ओळ नेमकी कशी लिहिलीय तेवढं सांगा. पुढच्या मेलला जोडतो.