फरदड थांबवा, शिवार वाचवा

कापूस उत्पादक बंधू-भगिनींनो,

डिसेंबर सरत आला आहे. शेवटची वेचणी उरकली की यंदाही कित्येक शेतांत पुन्हा पाणी सोडलं जाईल, खताची आणखी एक मात्रा पडेल आणि फरदडीची, म्हणजे त्याच झाडांवरच्या पुढच्या बहराची, वाट पाहिली जाईल. आमची कळकळीची विनंती आहे, ते पाणी सोडू नका. पुढच्या खरिपात गुलाबी बोंडअळी किती नुकसान करणार, हे बरंचसं आपण या पंधरवड्यात काय करतो त्यावर ठरणार आहे.

या अळीची एक पिढी साधारण महिनाभरात पुरी होते. पऱ्हाटी शेतात जितकी लांबते, तितक्या पिढ्या वाढतात. थंडीत अळी सरकीत, किडक्या बोंडांत आणि शेतातल्या काडीकचऱ्यात सुप्त पडून राहते. पावसाळ्यात तिचे पतंग निघतात आणि नव्या कपाशीच्या पात्या-फुलांवर अंडी घालतात. म्हणजे फरदडीतून हाती येणाऱ्या कवडीच्या बदल्यात आपण पुढच्या हंगामाची कीड पोसतो, आणि ती शेजाऱ्याच्या शेतातही जाते.

बीटी बियाणं आहे, या भरवशावर राहू नका. देशात बीटी कपाशीला २००२ मध्ये परवानगी मिळाली, २००६ मध्ये दोन जनुकांचं वाण आलं. गुलाबी बोंडअळीने पुढे दोन्ही पचवली. बीटीसोबत बिगर बीटीच्या आश्रय ओळी लावायच्या असतात, त्या आपल्यापैकी बहुतेकांनी लावल्या नाहीत. लांब मुदतीच्या वाणांनी आणि फरदडीने अळीला वर्षभर खाद्य पुरवलं.

फवारणीवरही विसंबू नका. अंड्यातून निघालेली अळी लगेच बोंडात शिरते, छिद्र बुजतं आणि औषध तिच्यापर्यंत पोहोचतच नाही. २०१७ साली विदर्भात बोंडअळीने कपाशी पोखरली. त्याच हंगामात डोक्याइतक्या वाढलेल्या कपाशीत फवारणी करताना यवतमाळ जिल्ह्यात २० हून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा विषबाधेने जीव गेला, शेकडो जण दवाखान्यात दाखल झाले. ती वेळ पुन्हा कोणत्याही घरावर येऊ नये.

म्हणून ३१ डिसेंबरच्या आत एवढं करा:

१. वेचणी संपताच शेतात शेळ्या-मेंढ्या, जनावरं चारा. उरलीसुरली हिरवी बोंडं ती खातील.

२. पऱ्हाटी मुळासकट उपटा किंवा श्रेडरने बारीक करून जमिनीत गाडा, मग खोल नांगरट करा. पाण्याची सोय असेल तर हरभऱ्यासारखं पीक घ्या.

३. पऱ्हाटी सरपणाला हवी असेल, तर आधी तिच्यावरची किडकी बोंडं तोडून नष्ट करा. धुऱ्यावर किंवा घरामागे ढीग घालून पावसाळ्यापर्यंत ठेवू नका.

४. घरात साठवलेला किडका कापूस वेगळा काढा.

जिनिंग मालकांनो, कापसासोबत अळी तुमच्या आवारात येते. तिथे कामगंध सापळे आणि प्रकाश सापळे लावा, सरकीतला किडका कचरा वेळेवर नष्ट करा. ग्रामपंचायतींनो, या आठवड्यात ग्रामसभा घ्या, फरदडमुक्त गावाचा ठराव करा आणि श्रेडर सामायिक वापराला द्या. ज्यांच्याकडे मजुरीला पैसे नाहीत, त्यांची पऱ्हाटी गावाने मिळून उपटावी.

येत्या खरिपात धूळपेरणी टाळा, कमी मुदतीचं वाण निवडा. पेरणीनंतर दीड महिन्याने एकरी दोन कामगंध सापळे लावा. सलग तीन रात्री सापळ्यात आठ-आठ पतंग सापडले, तर कृषी सहायकांच्या सल्ल्यानेच पुढची पावलं उचला. डोमकळ्या, म्हणजे अळी शिरल्याने न उमललेली फुलं, दिसताच तोडून चुरडा.

हे एकट्याने होणारं काम नाही. दहा जणांनी पऱ्हाटी उपटली आणि अकराव्याने फरदड ठेवली, तर दहाही जणांची मेहनत वाया जाते. म्हणून आज संध्याकाळीच आपल्या धुऱ्याला लागून शेत असलेल्या शेतकऱ्याला भेटा, तारीख ठरवा आणि दोघांची पऱ्हाटी एकाच दिवशी काढा.

आपलेच,
कापूस उत्पादक शेतकरी